झेंड्यापुढचा नारळ

अण्णा, परवा पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर तुमची आठवण आली, आणि ती रागानं आली. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. एवढ्या काळात माणसाचा राग निवायला हवा. आईचा निवला होता की नाही ते मला कधी कळलं नाही, कारण ती त्याबद्दल बोलतच नसे. माझा मात्र निवलेला नाही. मी आता पिंगळीच्या पुढं एका खेड्यात मुख्याध्यापिका आहे. जुन्यातले कोणी शिक्षक भेटले की म्हणतात, गुरुजींची मुलगी शोभतेस. मी हसते. शोभण्यासाठी काय काय मोजावं लागतं हे त्यांना कशाला सांगायचं.

पालमच्या पलीकडचं ते गाव तुम्हाला आठवतच असेल. तिथली तुमची पहिली सव्वीस जानेवारी. मी पाचवीत होते. आदल्या दिवशी आम्ही पोरींनी मैदान शेणानं सारवलं होतं, फक्कीनं रेघा मारल्या होत्या, खांबाभोवती झेंडूची फुलं मांडली होती. सकाळी सरपंच आले ते हातात ताट घेऊन. ताटात हळद-कुंकू, उदबत्ती, नारळ. त्यांच्या मागं पंचायतीची माणसं, तालमीतली पोरं. खांबाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मग झेंडा चढवायचा, अशी तिथली पद्धत. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. मला तर खोबऱ्याचा तुकडा हवा होता.

तुम्ही पुढं झालात आणि सरपंचांना हळूच म्हणालात, "पूजा मारुतीच्या पारावर करू. मीही येतो, नारळ मीच फोडतो. इथं फक्त सलामी."

सरपंच म्हणाले, "दरसाल होती की गुरुजी."

"यंदापासून नाही."

तुमचा आवाज चढला नव्हता, तरी सगळ्या मैदानानं तो ऐकला. ताट तसंच हातात धरून सरपंच फाटकातून बाहेर पडले आणि त्यांच्यामागं सगळी मोठी माणसं गेली. तुम्ही झेंडा चढवला, आम्ही पोरासोरांनी राष्ट्रगीत म्हटलं. एकही मोठा माणूस समोर नसताना म्हटलेलं ते राष्ट्रगीत मला आजही ऐकू येतं. फार पातळ वाटत होतं ते.

रोज पहाटे तुम्ही घरी देवपूजा करायचात, सोवळ्यात, अर्धा-पाऊण तास. त्यामुळे तुम्ही देव मानत नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं, तरी लोक म्हणालेच. त्या दिवशी दुपारी जेवताना तुम्ही आम्हाला पुन्हा गंगाखेडच्या शाळेची गोष्ट सांगितलीत. निजामाचं राज्य, सकाळी सगळ्या पोरांनी रांगेत उभं राहून सरकारच्या दीर्घायुष्यासाठी देवाला साकडं घालायचं. त्या दुआतला शब्दही तुम्हाला कळत नव्हता. एक दिवस तुम्ही तोंड मिटून उभे राहिलात म्हणून मास्तरांनी तळहातावर छडी ओढली. ते मास्तर आपल्यातलेच होते, कपाळाला गंध लावणारे. नोकरी जाईल म्हणून भ्यालेले. "देव आणि झेंडा एका दोरीनं चढवू नये," तुम्ही म्हणालात. "चढवला की दोरी ज्याच्या हातात, त्याचाच देव होतो." मी लहान होते, पण वाक्य ऐकून अंगावर काटा आला. माझे अण्णा गावात सगळ्यात मोठे आहेत असं वाटलं. आई ताटात भाकरी वाढत होती. तिला काय वाटलं हे बघायचं मला सुचलं नाही.

ते दिवस संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे. रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडं ना कुणाकडं बायका जमायच्या. आईनं आपल्याकडचं हळदीकुंकू त्याच आठवड्यात ठेवलं होतं. वाणाला प्लॅस्टिकच्या चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, रंगीत दांड्यांच्या. तिळाचे लाडू वळले होते. मी स्वतः घरोघर जाऊन बोलावणं देऊन आले होते आणि सगळ्या जणी येतो म्हणाल्या होत्या, सव्वीस जानेवारीच्या आधी. त्या संध्याकाळी आई आपली ती एकुलती एक जरीची साडी नेसून बसली आहे. सतरंजी अंथरली आहे. मी दारात उभी राहून गल्लीकडं बघते आहे. बायका आमच्या दारावरून जातात, दुसऱ्या घरी जातात, नटून, हसत. कुणी आत वळत नाही. शेजारची काकू भिंतीपलीकडून आपल्या सुनेला सांगते, मुद्दाम आम्हाला ऐकू जाईल असं: "झेंड्याला कुंकू चालत न्हाई त्यांच्या घरी बायांचं काय काम हाय?"

तुम्ही पारावरच्या वाचनालयातून आलात तेव्हा दिवेलागण झाली होती. गाळण्या तशाच रचलेल्या. तुम्ही सगळं ओळखलंत. बूट काढता काढता म्हणालात, "मी काही चुकीचं बोललो का?"

आई म्हणाली, "चुकीचं कोण म्हणतंय. बरोबरच बोललात. पण तुमचं बरोबर असणं मला एकटीला भोगावं लागायलंय."

मला वाटलं होतं तुम्ही तिच्याजवळ बसाल, एखादा लाडू मागाल. तुम्ही हातपाय धुऊन संध्येला बसलात.

मे महिन्यात बदली आली, पार जिंतूरकडच्या डोंगरातल्या गावी. एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढं चालत. तिथं सहावीची सोय नव्हती म्हणून आई आणि मी गंगाखेडला मामाकडं राहिलो. तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, पिशवीत त्या भागातली सीताफळं घेऊन. आईनं त्यानंतरची वर्षं भावजयीच्या स्वयंपाकघरात काढली. कुणाच्या घरात राहणाऱ्या बाईला चहात साखर किती घालायची हेसुद्धा विचारावं लागतं, हे तुम्हाला कधी कळलं का? तुम्ही तिकडं ताठ मानेनं राहिलात. मान ताठ ठेवायला माणसाला जागा लागते, अण्णा, आणि आईला ती जागा नव्हती.

पण माझा खरा राग यावर नाही. मी दहावीला असताना तुम्हाला एक गोष्ट विचारली होती. पालमकडच्या तुमच्या शाळेत मनियाराची मुलगी माझ्याबरोबर होती, बांगड्या विकणाऱ्या चाचाची. रोज परिपाठाला आपण देवीची प्रार्थना म्हणायचो, डोळे मिटून, हात जोडून. तीही म्हणायची. एकदा ती मला म्हणाली होती, घरी अब्बाला सांगू नको. ते मी तुम्हाला सांगितलं आणि विचारलं, नारळ चालत नाही तर प्रार्थना कशी चालते? तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी क्वचितच पाहिलं. "प्रार्थना सगळ्यांची असते. उगाच फाटे फोडू नकोस," म्हणालात आणि पेपर तोंडासमोर धरलात. सगळ्यांची म्हणजे आपली. हे मला तेव्हा म्हणता आलं नाही. सरपंचांसमोर न डगमगलेला माणूस पोरीच्या एका प्रश्नापुढं पेपरात तोंड घालतो, एवढं मात्र दिसलं. निजामाच्या शाळेत तोंड मिटून उभा राहिलेला पोरगा तुमच्या लक्षात राहिला, कारण तो तुम्ही होतात. ही पोरगी तोंड उघडून उभी होती, म्हणून ती तुम्हाला दिसलीच नाही.

तुम्ही गेल्यावर त्या पालमच्या बाजूच्या गावानं मला बोलावलं. शाळेला तुमचा फोटो द्यायचा होता. जुने सरपंच वारले होते, त्यांचा मुलगा आता पुढारी. झेंडावंदनाआधी खांबाला लागूनच टेबल मांडलं, त्यावर तुमचा फोटो, हार, आणि तुमच्यासमोर त्यानं खणखणीत नारळ फोडला. "गुरुजींसारखा कडक माणूस पुन्हा झाला न्हाई," असं भाषण केलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी तो तुकडा खाल्ला.

आता माझ्या शाळेचं. जूनमध्ये चौथीतल्या एका मुलीची आई आली. बुरखा मागं टाकलेला, हातात पोरीचं दप्तर. नवरा रिक्षा चालवतो. ती म्हणाली, पोरगी राष्ट्रगीताला सगळ्यांच्या आधी उभी राहते, प्रतिज्ञा तोंडपाठ आहे. फक्त प्रार्थनेला ती हात न जोडता गप उभी राहिली तर चालेल का. बाकी काही नाही. मी काय म्हणाले असेन? माझ्या तोंडून तुमचंच वाक्य आलं, तुमच्याच सुरात. प्रार्थना सगळ्यांची असते. एकीला सूट दिली की सगळे मागतील. ती बरं म्हणाली आणि गेली. त्या दिवशी मला घरी जाताना मनियाराची मुलगी आठवलीसुद्धा नाही.

ऑगस्टच्या बैठकीत शाळा समितीच्या अध्यक्षांनी ठराव मांडला की यंदा झेंड्याआधी आरती, नारळ आणि शेवटी देवाच्या नावाच्या घोषणा. एक शिक्षक म्हणाले, शाळा सरकारी आहे, धर्म बाहेर ठेवावा. दुसरे म्हणाले, आपल्या देशात असं वेगळं काढता येत नाही, मातीतच आहे ते. दोघंही खूप वेळ बोलले. दोघांनाही मुलांपैकी कुणाला विचारावंसं वाटलं नाही, आणि मलाही नाही. मी वर फोन लावला. साहेब म्हणाले, तुमच्या स्तरावर निर्णय घ्या. म्हणजे डोकं तुमचं, दगड कुणाचाही. मी ठराव नामंजूर केला. आरती देवळात करा, मी येते, असं म्हणाले. तीही उसनीच ओळ.

पंधरा ऑगस्टला अध्यक्ष ताट घेऊन आलेच. मुलं रांगेत, पालक कडेनं, आणि हल्ली सगळ्यांच्या हातात मोबाइल. त्यांनी नारळ खांबाशी आपटायला वर उचलला आणि मी पुढं होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला. लोक म्हणतात हिसकावला. असेल. त्या क्षणी माझ्या मनात ना संविधान होतं, ना निजाम. दोरी ओढताना माझ्या डोळ्यांपुढं त्या गाळण्या होत्या, निळ्या, लाल, पिवळ्या, एकावर एक रचलेल्या.

दुपारपर्यंत व्हिडिओ तालुकाभर फिरला. कुणी मला वाघीण म्हटलं, कुणी जे म्हटलं ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी ती चौथीतल्या मुलीची आई आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, तुमाला नारळाचं कोणी बोललं होतं? आमाला नारळाचं काहीच न्हवतं. किती वर्षं बघायलोय आमी नारळ, पोरीनं खोबरं पण खाल्लंय. आता गल्लीतले लोक म्हणायलेत, यांच्यामुळंच झालं. रिक्षात कोणी बसंना." मग म्हणाली, "जे मागितलं ते दिलं न्हाई. जे मागितलं न्हाई ते आमच्या नावावर केलं."

मी तिला बसा म्हटलं. ती बसली नाही.

अण्णा, तुमची रेघ मी जशीच्या तशी पुढं ओढली. ती कुठं मारली होती हे मी कधी पुन्हा बघितलंच नाही. आपल्याला त्रास होईल तिथं मारलेली रेघ तत्त्व वाटते. पुढल्या सोमवारी परिपाठात मी सांगितलं की प्रार्थनेला ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत, ज्याला नाही त्यानं शांत उभं राहावं. अर्ध्या मुलांनी हात सोडून दिले. कुणी नाक खाजवलं, कुणी पुढच्याची वेणी ओढली. त्या मुलीचे हात जोडलेलेच होते. आईनं तिला बजावून पाठवलं असणार, आता वेगळी दिसू नकोस म्हणून. मी उशीर केला होता.

हा कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. फाडून टाकीन किंवा कपाटात राहील. पण एक गोष्ट सांगायची राहिली. वरून नोटीस आली होती, खुलासा करा म्हणून. तुमच्यावर आली होती तेव्हा तुम्ही चार पानं लिहिली होतीत, देव आणि झेंडा यांवर, आणि त्यावर बदली घेतलीत. मी तीन ओळी लिहिल्या: नारळाची करवंटी उडून लहान मुलांना इजा होण्याचा संभव होता, म्हणून खबरदारी घेतली. साहेबांनी लगेच मान्य केलं. अध्यक्षांचाही मान राहिला. प्रकरण मिटलं, बदली नाही, काही नाही. मला ते लिहिताना जराही लाज वाटली नाही, उलट हुशारी केल्यासारखं वाटलं. आज तुम्हाला सांगताना मात्र थोडी वाटली.