मधलं नाव

मी, सुधा क्लाउस हार्टविग, वय चौऱ्याहत्तर, राहणार बॉन, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मन ठिकाणावर नाही, पण कायदा त्याची चौकशी करत नाही. इथे स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी तरी घेतले आहेत, त्यांच्याशिवाय कागद उघडाबोडका वाटतो.

लग्नानंतर नावात मधे नवऱ्याचं नाव राहावं म्हणून मी आम्टमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, खूप खेटे घातले. पासपोर्टात तसंच आहे म्हटल्यावर तिथल्या बाईने हात टेकले.

१. हा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगी उर्जा हिला. स्वयंपाकघरातला नळ क्लाउस गेल्यापासून गळतो आहे.

२. क्लाउसची सुतारकामाची हत्यारं खालच्या मजल्यावरच्या उत्कर्षला. तो खिळ्याऐवजी अंगठा ठोकतो, पण क्लाउसकडे शिकायला तेवढा एकच आला.

३. नणंद रेनाटे हिला माझ्या स्थावर-जंगमातली काडीही मिळू नये. "आमचा खापरपणजोबा फ्रीडरिश बायको आणि तान्हं पोर टाकून आयोवाला पळाला," हे ती दर नाताळला जेवताना सांगून हसायची. क्लाउस हसत नसे. त्याला ते फार लागायचं.

४. म्हणून मी त्या फ्रीडरिशचा माग काढला. तो १८५४ साली गेलेला. त्याच्या गावच्या चर्चच्या नोंदीत त्याच्या वडिलांचं नाव योहान. आयोवातल्या त्या वस्तीत फ्रीडरिश हार्टविग दोन निघाले, एक फ्रीडरिश विल्हेल्म, दुसरा फ्रीडरिश योहान. मला शंकाही आली नाही. मधे योहान, म्हणजे योहानचा मुलगा, म्हणजे आपलाच. त्याने तिथे लग्न केलं होतं, मुलंबाळं, मोठी शेती. क्लाउस तेव्हा अंथरुणाला खिळला होता. कागद वाचायचं त्राण त्याच्यात नव्हतं, म्हणून मी निकाल तेवढा सांगितला. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. रेनाटे खरंच बोलत होती. हे नाव माझ्या दगडावर नको, सुधा." त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला अनामिकांच्या हिरवळीत पुरलं. तिथे दगड नसतो आणि अस्थिकलश नेमका कुठे पुरला आहे ते घरच्यांनाही सांगत नाहीत.

गेल्या वर्षी उर्जा कामासाठी शिकागोला गेली, तिथून गाडी काढून आयोवाला. परत आली ती स्वयंपाकघरात उभी राहून जर्मनमध्येच बोलत सुटली. रडायला आलं की ती मराठी सोडते. "आई, इथे दुसरं नाव वडिलांचं नसतं. आजोबांचं, मामाचं, कुणाचंही ठेवतात. आपला तो विल्हेल्म. त्याच्या दगडावर आपल्या गावाचं नाव आहे. पहिल्याच उन्हाळ्यात कॉलऱ्याने गेला."

म्हणजे तो पळाला नव्हता. बायकोपोराला बोलावून घ्यायला तो जगलाच नाही. क्लाउसला दुसरं नाव असतं, तर ते वडिलांचं नाही हे बघून मला ही रीत कधीच कळली असती. त्याला ते नव्हतं. रेनाटेला सांगितलं, तर म्हणाली, "आता काय उपयोग?" या एका बाबतीत तिचं खरं आहे. तरी स्मशानभूमीच्या कार्यालयात जाऊन एक दगड लावू द्या म्हणून मी हातापाया पडले. "फ्राउ हार्टविग, तुमच्या नवऱ्यानेच सही केली आहे," एवढंच उत्तर मिळालं.

५. मलाही त्याच हिरवळीत पुरावं. शेजारची जागा मिळणार नाही, हे मला माहीत आहे. अस्थी नाशिकला नेऊ नयेत.

६. उर्जाने लग्नात नवऱ्याचं आडनाव घेतलं आणि मधलं नाव काढून टाकलं. जागोजागी अडचण होते म्हणाली. माझा राग नाही. पण क्लाउसचं नाव आता दगडावर नाही, मुलीच्या नावात नाही, माझ्या नावात आहे तेवढंच. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर तिन्ही शब्द लिहावेत. आम्टमधली बाई मधला शब्द गाळायला लागली, तर उर्जाने तिच्याशी भांडावं. मी भांडले होते.

साक्षीदार: (सही) अपूर्वा तनय केळकर
(सही) भास्कर अनंत रानडे

स्थळ: बॉन. दिनांक: २ फेब्रुवारी २०२५

(सही) सुधा क्लाउस हार्टविग