कु. एफ्रत हिच्या दोन सेकंदांबाबत

प्रति,
मा. श्री. योएल साहेब,
पालक-तक्रार अधिकारी (गणित),
शालेय कचेरी, बेर्शेबा.

अर्जदार: शौल बेंजामिन वाकरूळकर, राहणार बेर्शेबा, मूळ राहणार ठाणे.

विषय: इयत्ता सहावीतील कु. एफ्रत शौल वाकरूळकर हिने इंटरनेटवरील गणित-सरावात उत्तरे लवकर दिल्यामुळे तिच्यावर आलेल्या संशयाबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे हिब्रू अर्ज, दि. १ फेब्रुवारी व १४ मार्च २००४. २) ‘नवे खाते सुरू झाल्याने प्रश्न मिटला आहे’ हे आपल्या कचेरीचे एका ओळीचे उत्तर. ३) सोबत जोडलेले साप्ताहिक रिपोर्ट, आवक क्रमांकासह.

महोदय,

१. प्रश्न मिटलेला नाही.

२. आधीचे दोन्ही अर्ज हिब्रूत होते. अर्जदारास इस्रायलला येऊन एकवीस वर्षे झाली. त्याची हिब्रू बाजारात चालते, दवाखान्यात चालते, भांडणात तर धावते. अर्ज लिहायला बसला की मात्र तिची पंचाईत होते. चार पानांचे म्हणणे दहा ओळींत आटोपते आणि वाचणाऱ्यास वाटते की ह्या गृहस्थाचे विशेष काही म्हणणे नाही. आपल्या मावशी येमिमाबाई यांच्याकडून सिनेगॉगमध्ये असे समजले की आपण सातवीपर्यंत पुण्यास मराठी शाळेत होता. सबब हा अर्ज मराठीत आहे. अर्जदाराने ठाण्याच्या तहसील कचेरीत चार वर्षे आवक-जावक सांभाळले आहे, त्यामुळे अर्ज फाइलला लागला की त्याचे पुढे काय होते हे त्यास ठाऊक आहे. कृपया हा अर्ज फाइलला लावण्यापूर्वी वाचावा.

३. हकीकत अशी. एफ्रत ही अर्जदाराची एकुलती एक मुलगी, वय वर्षे अकरा. सातवीत गेल्यावर गणितासाठी मुलांचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन गट पाडतात. खाली पडलेले मूल सहसा वर येत नाही, असे सगळे पालक म्हणतात आणि एकही शिक्षक ते नाकारत नाही. गेल्या ऑक्टोबरात वर्गशिक्षिका ओरनाबाई यांनी पालकसभेत सांगितले की अमुक कंपनीचे वर्षाचे सभासदत्व घ्यावे, मुलांनी घरी कॉम्प्युटरवर सराव करावा, गट ठरवताना तो सराव धरला जाईल. सर्व पालकांनी माना डोलावल्या. एकट्या अर्जदाराने विचारले की गणिते मूल सोडवते आहे की त्याची आई, हे कंपनीस कसे कळणार? ओरनाबाई हसून म्हणाल्या, कॉम्प्युटरला सगळे कळते. अर्जदाराच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

४. दर रविवारी ईमेलने रिपोर्ट येई. अर्जदार रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात कामाला आहे. तो रिपोर्ट तेथे छापून, त्यावर आवक क्रमांक घालून फाइल करी. त्याची पत्नी जेमायमा यास हसे. हसू दे बापडी. रिपोर्टात उत्तर बरोबर आले तरी शाब्बास, चुकले तरी शाब्बास, नुसते बटण दाबले तरी शाब्बास. इतकी शाबासकी फुकट वाटणाऱ्याचा काहीतरी डाव असणार, असे अर्जदाराचे ठाम मत होते. आणि जानेवारीत आलेल्या चौदाव्या रिपोर्टात एकही शाब्बास नव्हते. त्यात लिहिले होते की अपूर्णांकांच्या पन्नास गणितांना विद्यार्थिनीने सरासरी दोन सेकंद घेतले, हा वेग या वयाचा नव्हे, बाहेरची मदत घेतल्याचा संशय आहे, सबब खाते बंद. प्रत शाळेस रवाना.

५. आता बोला! मूल हळू असते तर खालचा गट, आणि भराभर उत्तरे दिली तर चोर. ओरनाबाईंनी एफ्रतला जवळ घेऊन विचारले की तुला मदत कोण करते. मुलगी म्हणाली, आजी. अर्जदाराच्या सासूबाई श्रीमती ॲलिसबाई ह्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कॉम्प्युटरला हात लावला तर सगळ्या इमारतीचे दिवे जातील अशी त्यांची समजूत आहे, आणि तो चालू असताना त्या त्याच्यापुढून पदर सावरून जातात. ओरनाबाईंनी मात्र वहीत लिहिले, ‘गणिते आजी सोडवून देते.’

६. येथे अर्जदारास एक गोष्ट नमूद करावयाची आहे. ती हिब्रू अर्जांत नव्हती. ती लिहायला अर्जदारास तेव्हा शब्द सापडले नाहीत असे त्याने पत्नीस सांगितले, पण ते खरे नाही. त्याला लाज वाटली. कंपनीवर संशय घेणारा अर्जदार, पण चौदावा रिपोर्ट हाती येताच त्याने पहिल्यांदा संशय घेतला तो पोटच्या पोरीवर. मुलगी समोर उभी असताना त्याने तिचे दप्तर जमिनीवर उलटे केले. कॅल्क्युलेटर मिळाला नाही. मग गादीखाली पाहिले, कोटाचे खिसे पाहिले. पुन्हा काही मिळाले नाही, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली की पाणी कुठेतरी खोल मुरते आहे.

७. सबब फेब्रुवारीतील एका मंगळवारी अर्जदाराने हाफ डे टाकला आणि कोणास न सांगता घरी येऊन तो स्वयंपाकघरालगतच्या कपडे वाळत घालण्याच्या गॅलरीत ओल्या चादरीमागे उभा राहिला. हा प्रकार सेहेचाळीस वर्षांच्या माणसास शोभला नाही हे मान्य आहे. सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या, एफ्रत शाळेतून येऊन त्यांच्यासमोर बसली होती. सासूबाईंनी विचारले, “अठरा औटे?” आणि ज्या पोरीला ‘जेवलीस का’ विचारले तर ती हिब्रूत उत्तर देते, ती ताडकन मराठीत म्हणाली, “त्रेसष्ट.” “छत्तीस पाऊण?” “सत्तावीस.” “सतरा दिढे?” “साडेपंचवीस.” आपणास सांगणे नको, पण कचेरीत दुसऱ्या कोणास हे वाचून दाखवावे लागल्यास, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, पाऊणकी पाऊणाचा आणि दिडकी दीडचा. रेवदंड्याच्या शाळेत सासूबाईंनी हे घोकले, आणि आम्ही दोघे नवराबायको ड्युटीवर असताना दोन वर्षे दुपारी बसून नातीकडून तोंडपाठ करून घेतले. कंपनीने ज्याला बाहेरची मदत म्हटले ती ही. अर्जदाराने चादरीआड स्वतः हिशेब करून पाहिला. त्याचे एक उत्तर निघेपर्यंत पोरगी पाच गणिते पुढे गेली होती.

८. छाती अभिमानाने फुगली, हे खरे. पण तेवढ्यात मुलीची नजर खाली गेली. चादरीखालून अर्जदाराचे बूट दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, चोर धरायला आलात वाटतं?” मुलगी हिब्रूत एवढेच म्हणाली की दप्तर आतल्या खोलीत आहे, बघून घ्या.

९. यानंतर अर्जदाराने कंपनीस सर्व खुलासा कळवला. कंपनीचे उत्तर आले की यंत्राचा निर्णय अंतिम असतो आणि आजीचे पाढे हा पर्याय त्यांच्या यादीत नाही. आपल्या कचेरीकडेही दुसरा अर्ज केला. अखेर ओरनाबाईंनी मध्ये पडून नवे खाते उघडून दिले. बाई वाईट नाहीत. त्यांनी मनापासून सल्ला दिला की उत्तर आले तरी मुलीने लगेच लिहू नये, मनात दहापर्यंत मोजावे आणि मग बटण दाबावे, म्हणजे कोणास शंका येणार नाही. अर्जदाराने तसे मुलीस बजावले. मुलीने विचारले, माहीत असले तरी थांबू? अर्जदार म्हणाला, असले तरी थांब.

१०. युक्ती लागू पडली. रिपोर्टात शाब्बास परतले, ‘लक्षणीय प्रगती’ असे छापून आले, वरचा गट जवळजवळ नक्की असल्याचा ओरनाबाईंचा निरोप आला. आपल्या कचेरीने प्रश्न मिटल्याचे कळवले. तपासण्यासारखे काही उरले नाही म्हणून अर्जदार जन्मात पहिल्यांदा स्वस्थ बसला.

११. गेल्या गुरुवारी, दि. ६ मे रोजी, आजी आणि नात शुक्रवार संध्याकाळच्या किद्दूश प्रार्थनेच्या सरबतासाठी काळ्या मनुकांची देठे काढत होत्या. अर्जदार समोर खुर्चीवर उघडपणे बसला होता. सासूबाईंनी सवयीने विचारले, “सोळा दिढे?” मुलगी बोलेना. नुसते ओठ हलत होते. सासूबाईंना वाटले पोर विसरली. मग मुलगी म्हणाली, चोवीस. दुसरे विचारले, पुन्हा तसेच. सासूबाईंनी मनुका बाजूला सारल्या, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. घाबरून त्यांनी विचारले, “बे दुणे?” साहेब, बे दुणेला पोरीने दहापर्यंत मोजले. आजीने विचारले का गं, तर हिब्रूत म्हणाली की लगेच सांगितले की लोकांना वाटते मी चोरते. सासूबाईंना हिब्रू कळते. त्या उठून आत गेल्या. जाताना अर्जदारास म्हणाल्या, “माझ्याशीसुद्धा जपून बोलायला लागली हो ती.” त्या दिवसापासून त्यांनी पाढे विचारणे बंद केले आहे.

१२. अर्जदाराने मुलीस चार वेळा समजावले की आता थांबण्याचे कारण नाही, उत्तर येईल तसे बोलत जा. ती मान डोलावते आणि मोजते. ज्या बापाने तिचे दप्तर जमिनीवर पालथे केले, त्याने बेधडक बोल म्हटल्यावर तिने ते खरे कसे मानावे? अर्जदार तिच्या जागी असता तर त्याने मानले नसते.

१३. तरी विनंती अशी की, नवे खाते रद्द करावे. त्यातील प्रगती खोटी आहे, ती मुलीने थांबून मिळवली आहे आणि तिला थांबायला अर्जदाराने शिकवले आहे. त्यामुळे वरचा गट गेला तर जाऊ द्यावा, खालचा दिला तरी अर्जदार तक्रार करणार नाही आणि तसे लिहून देण्यास तयार आहे. पहिल्या खात्यावरील शेरा मात्र शाळेच्या दप्तरातून काढावा. आणि मुलीस एकदा आपल्या कचेरीत बोलावून, समोरासमोर, आपल्या तोंडाने तिला तोंडी गणिते विचारावीत. ती गप्प बसली तर चिडू नये, बसू द्यावे. शेवटी तिला सांगावे की उत्तर माहीत असणे हा गुन्हा नाही. सरकारी खुर्चीवरच्या माणसाने सांगितले तर कदाचित तिला पटेल.

१४. यंत्राने संशय घेतला, त्याची दाद मागायला अर्जदारापाशी आपण आहात. बापाने घेतला, त्याची दाद तिने कोणाकडे मागावी? ती अकरा वर्षांची आहे, तिला मराठी लिहिता येत नाही आणि अर्ज कसा करतात हेही ठाऊक नाही. म्हणून तिच्या वतीने हा अर्ज अर्जदारानेच केला आहे. सुनावणीची तारीख कळवावी, दोघेही हजर राहू.

आपला नम्र,
शौल बेंजामिन वाकरूळकर
(अर्जदार, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो)
बेर्शेबा, दि. ९ मे २००४