अक्काच्या गळ्याची शपथ

अकोला, ता. ८-१-१९५९

ती. दुर्गाअक्कास देवमनचा सप्रेम जयभीम वि. वि.

ऑपरेशन पार पडलं. नडगीच्या हाडात पू धरला होता. डॉक्टरांनी तो काढला, हाडाचा मेलेला एक तुकडाही काढला. ताप उतरला आहे. पेनिसिलिनच्या सुयांनी माझी पार चाळण झाली. डॉक्टर म्हणाले, ताप गेला म्हणजे हाड बरं झालं असं नाही. सुया मधेच सोडल्या तर पू पुन्हा धरतो, मग पाय वाचेलच असं सांगता येत नाही. पातूरच्या शाळेतली माझी नेमणूक जूनअखेरपर्यंत थांबवली आहे. तोवर चालता आलं नाही तर मास्तरकी गेलीच.

आता खरी अडचण. अक्का, हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नाही. त्यात रक्त खेळतं, ते नव्यानं भरून येतं. त्याला दूध, अंडी, डाळ आणि सकाळचं ऊन लागतं. आणि तू तर मला बैलबंडीत बसवताना गळ्याची शपथ घातलीस, की जखम सुकेपर्यंत दूध-अंड्याला शिवू नको, पू वाढतो. उद्या पोरांना अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगणारा मी, इथं दवाखान्याचं दूध शेजारच्या खाटेवरच्या मोतीरामला पाजतो आहे. तो गुटगुटीत होत चालला आणि माझी जखम वाहतेच आहे. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तुझी शपथ मोडवत नाही. उलट टपाली ‘सुटली’ एवढं लिहव.

भाऊजींना जयभीम, तुझी पत्रं लिहून देणाऱ्या ललिताला आशीर्वाद. माया असू दे.

तुझा देवमन

वलगाव, ता. १३-१-५९

चि. देवमन यास दुर्गाचे आशीर्वाद. मी सांगून राहिली, ललिता लिहून राहिली.

तुहं पत्र आयकून जीव थाऱ्यावर नाई. लय शायना झाला लेका, मलेच हाडाचं शिकवून राहिला. आपल्या बापाच्या मांडीले गळू झालं, तवा लोकायनं त्याले अंडं चारलं अन् चौथ्या रोजी तो गेला. तू पाळण्यात होता, तुले काय ठावं? म्या या डोयानं पाह्यलं.

अन् शपथ कागदावर सुटते काय? ज्या तोंडानं घातली त्याच तोंडानं सोडा लागते. तूर सवंगणीले, कापाले आली, तरी तुहे भाऊजी म्हणते, पहिले पोराले पाहून ये. येत्या मंगळवारी येतो. तुह्या डॉक्टरले मीच इचारीन. जिवाले जपजो.

दुर्गा

अकोला, ता. २२-१-५९

ती. किसनराव भाऊजींस सप्रेम जयभीम वि. वि.

मोतीरामच्या भावानं अक्काला मोटारीत बसवून दिलं, सुखरूप पोचली असेल. ती सांगणार नाही म्हणून मी लिहितो.

आल्या आल्या तिनं डॉक्टरांनाच धारेवर धरलं, बापाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, बाई, तुमच्या वडलांचा पू रक्तात गेला, तेव्हा हे औषध नव्हतं. अंड्याचा त्यात काही दोष नाही. मग एक्सरे खिडकीपाशी धरून हाडातला खड्डा दाखवला. अक्कानं तो नीट पाहून घेतला.

खाटेपाशी बसून ती म्हणाली, “सुटली.” मग स्वतः अंडं सोललं आणि माझ्या तोंडात घातलं. मी गिळेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत. भाऊजी, तिला सांभाळा.

आपला देवमन

पातूर, ता. १-७-५९

ती. अक्कास सप्रेम जयभीम वि. वि.

जखम एप्रिलात बुजली हे तुला कळलंच आहे. आज मोटार-स्टँडावरून शाळेपर्यंत काठी न घेता चालत गेलो आणि हजर झालो. पाय जरासा ओढतो, पण अंगाचा भार घेतो. पोरांना पहिला धडा हाडाचाच दिला. मोतीराम मात्र मी दवाखाना सोडेपर्यंत, दूध मिळेना म्हणून माझ्यावर रुसलेलाच होता.

एक विचारायचं राहिलं. तुझी शपथ चुकीची ठरली, त्याचा राग तर नाही ना? लोभ आहेच, तो वाढू दे.

देवमन

वलगाव, ता. ६-७-५९

चि. देवमनले दुर्गाचे लाख आशीर्वाद.

तुहं पत्र ललिताकडून तीन खेपा वाचून घेतलं. तुहे भाऊजी म्हणते, पुरे कर, कागद फाटन.

राग नाई आला बाप्पा. सहा महिने मले एकच भेव होतं, का तू लंगडा झाला त माह्यानं झाला. कोणापाशी बोलली नाई. दळता दळता रडून घेतलं. अंड्यानं बाप मेला असं मी जलमभर म्हणत आली, अन् तुले दुखण्यात माह्याच हातानं उपाशी ठेवलं. चूक माही होती. ललिता म्हणते, लहान भावाले असं कोणी लिहिते काय? म्या म्हटलं, लिही.

माया राहू दे.

दुर्गा