बहिणीची मुलगी

ताई,

काल तुला न विचारता मी एक मूल तुझ्या गळ्यात बांधलं. हे पत्र पाठवायची मात्र माझी छाती होणार नाही.

शाळेचं नाव काढलं की माझी पोरगी थरथरते, म्हणून तिला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोफत समुपदेशन केंद्र आहे, तिथे नेलं. टेबलामागे नेमकी आमच्या साहेबांची बायको बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही माझ्या बहिणीची मुलगी."

आतल्या बाईंनी पोरीला विचारलं, "आईला माहीत आहे ना?"

"नाही. सांगूही नका. तिला माझी लाज वाटते," ती शांतपणे म्हणाली. "मावशी आहे ना सोबत."

घरी आल्यावर तिला जेवायला हाक मारली, तर खोलीतून आवाज आला, "आले, मावशी."

तुझी,
तोंड लपवून बसलेली धाकटी