सलग आठ दिवसांचा पास

सोमवार, संध्याकाळ

समीरने आज ऑफिसातून फोन केला. स्वित्झर्लंडचा रेल्वेपास काढला म्हणे, सलग आठ दिवसांचा. सलग! मी सगळं वाचून त्याला सांगितलं होतं, हवे ते दिवस निवडता येतात तो पास घे, मधल्या गुरुवारी ह्यांच्या श्राद्धाची तिथी आहे. त्या दिवशी मी गाडीत बसणार नाही.

"आई, सलगच परवडतो. तिथी परत आल्यावर करू की."

तिथी म्हणजे काय दुकान आहे, उद्या पुन्हा उघडायला? वडील कोणाचे?

म्हटलं, "गुरुवारी तुम्ही खुशाल भटका. मी खोलीवर वरणभात करून ह्यांचं पान वाढीन."

तो मग हळूच म्हणाला, "बाबांना वरणावर तूप जास्त लागायचं."

म्हणजे सगळं आठवतंय. मग जास्तच राग आला.