फ्यूजच्या जागी

९ ऑक्टोबर, सकाळी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. खिडकीतल्या कुंडीला एकुलतं एक फूल आलंय. ते पाहून शाळेतली कविता आठवली. चाल सगळी येते, तिसरं कडवं येत नाही. तेव्हाही मी ते गाळून चौथ्यावर उडी मारायचो आणि गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणायचे, पुन्हा पहिल्यापासून.

काल दुकानात एका गिऱ्हाईकाने दोन गेम कन्सोल आणले, आपल्या खारूताईकडे आहे तसलेच. पहिल्याचा दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. मदरबोर्डवरचा फ्यूज गेलेला. नवा घातला, तोही गेला. म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट. मग रीतसर बसलो. बोर्डावर स्पिरिट पसरलं, बारीक करंट सोडला आणि बघत राहिलो. बिघडलेला भाग तापतो, त्याच्यावरचं स्पिरिट आधी उडतं. मुंगीएवढा कपॅसिटर निघाला. अर्धा तास लागला. फक्त अर्धा तास.

दुसरा सुट्या भागांसाठी आणलेला. पाठ वितळलेली, आत बोर्डाचा कोळसा. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची तार जोडली होती. कुठे ठेवला होता, विचारलं. तो म्हणाला, "पडद्याजवळ. आम्ही घरात होतो म्हणून निभावलं."

तेव्हापासून तुला फोन करतोय. लागत नाही, निरोपही पोचत नाहीत. माझा नंबर ब्लॉक केलेला दिसतोय. केलास ते बरोबरच.

त्या दिवशी मी तुमचा कन्सोल उघडून बसलो तेव्हा तुमची गाडी तासाभरात सुटणार होती. खारूताई शेजारी बसून, आजोबा झालं का, झालं का करत होती. दुसरा फ्यूजही उडाला. तू हळूच म्हणालीस, "बाबा, हात थरथरतात तुमचे. आता पुरे करा ना."

बाळी, मी तिथे तार टाकली.

कन्सोल सुरू झाला, पोरीने टाळ्या वाजवल्या, आणि मी तुला सुनावलं, "बघितलेस हात? पुन्हा मला शिकवायला येऊ नकोस."

कन्सोल तुम्ही तिच्या पलंगामागे ठेवता, हे तिनेच मला सांगितलं होतं.

हे पत्र हातोहात पोचवायला देतोय. इथवर वाचलंस की आधी ऊठ आणि प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागणार नाही.

बाकीचं नंतर बोलू. बोलायचं नसेल तर नको. प्लग काढलास की फक्त एक रिंग दे. मी उचलणार नाही.

फोनसमोर बसलेले
तुझे बाबा