वरची बारीक अक्षरं

दि. ३ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

आम्हा दोघा भावांची अक्का गेल्यापासून घास गोड लागत नाही. तुझ्या काकाला कळवायचं कसं? त्याचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी धक्का नको म्हणून बजावलंय. डोळेही गेले, पत्र त्याचा मुलगा वाचून दाखवतो. परमुलखात वाढलेल्या त्या पोराला आपली भाषा ऐकून कळते, पण आपली अक्षरं येत नाहीत. म्हणून तू शिकवलंस तसंच करतो. पत्र संगणकावर टाइप करायचं, मग एकेक शब्द निवडून उच्चाराची चौकट उघडायची आणि तिकडच्या अक्षरांत उच्चार भरायचा. तो शब्दाच्या डोक्यावर बारीक उमटतो, पोरगा तेवढंच वाचतो. जन्मभर दुकानांच्या पाट्या दोन्ही लिप्यांत रंगवल्या म्हणून ती अक्षरं हाताला ठाऊक, नाहीतर माझं शिक्षण तुला माहीतच आहे.

या वेळी खाली लिहिलं, 'अक्का रविवारी गेली.' उच्चार भरायला घेतला आणि हात आखडला. वर लिहिलं, 'अक्का बरी आहे.' खालचं पुसवेना. तसंच छापून पोस्टात टाकलं. चुकलं का ग? लगेच लिही, पण ओरडू नकोस.

तुझा,
बाबा

दि. १० मार्च

ती. बाबांस सा. न.

ओरडत नाही. पण उद्या काका म्हणाले आत्याला फोनवर बोलवा, तर तुम्ही काय तिचा आवाज काढणार आहात? खरं ते सांगून टाका. आणि आधी नीट जेवा. रागावलात तरी माया असू द्या.

बेबी

दि. २१ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अंदाजाने लिहितोय, ओळी एकमेकींवर चढतील, सांभाळून घे. पोराने वाचलं, 'अक्का बरी आहे,' आणि खुशीत आईला सांगायला आत गेला. मी कागद खिडकीपाशी नेऊन भिंग लावलं. बारीक अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या, पण तुझी खालची मोठी अक्षरं मला अजून लागतात. तू मला पार आंधळाच करून टाकलंस.

छातीत दुखलं, गोळी घेतली, बसून राहिलो. मला कळलंय हे पोराला सांगितलं नाही. सांगितलं तर कामावर जायचं सोडून माझ्या उशाशी बसेल. तेव्हा वर अक्का बरीच राहू दे. तो मोठ्याने वाचतो तेव्हा मलाही घटकाभर बरं वाटतं.

खाली मात्र सगळं खरं लिही. फार त्रास झाला का, जवळ कोण होतं, माझी आठवण काढली का. नसेल काढली तर वर काय हवं ते घाल, खाली खोटं लिहू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
धाकटा